पाणी चढतं त्या रात्री हुकूम कोणाचा? (अनुभव धागा)

मी कोकणातल्या राजापूरची. अर्जुना आणि कोदवली नद्यांचं पाणी जवाहर चौकाच्या दिशेने सरकायला लागलं की आमच्याकडे कोणी कोणाला फोन करत बसत नाही. दुकानांतला माल हलवायचा आवाज सुरू होतो आणि गाव समजतं. तो आवाज लहानपणापासून ओळखीचा आहे. पण त्यानंतर नगरपरिषदेत कोण येऊन बसतं, होडी आणायला कोण सांगतं, त्या होडीचं भाडं कोण देतं, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. मागे एकदा शाळेत हलवलेल्या कुटुंबांची यादी करायला मदत म्हणून मी दोन रात्री नियंत्रण कक्षात बसले, तेव्हा थोडं कळलं. एक टेबल, एक दूरध्वनी, एक वही आणि झोप न झालेली तीन माणसं. त्या रात्रीपुरतं शहर तेवढ्यावर चालतं.

कागदावर उतरंड स्पष्ट आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तालुक्याला तहसीलदार, शहरात मुख्याधिकारी. लोकांनी निवडून दिलेले नगराध्यक्ष आणि नगरसेवक यांची जागा या उतरंडीत नेमकी कुठे, ते प्रत्येक गावात वेगळं दिसतं. म्हणून हा धागा. तुम्ही दुकानदार असा, कर्मचारी असा, माजी सदस्य असा. तुमच्या शहरात त्या वेळी निर्णय प्रत्यक्षात कोणी घेतला, ते लिहा. तक्रार असेल तर गावाचं आणि माणसाचं नाव टाळा, घडलं ते मात्र सगळं सांगा.

चिपळूण, कापडाचं दुकान

आमच्या दुकानात २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. वडिलांनी तिच्या वर दीड फुटावर फळ्या ठोकून घेतल्या होत्या. पावसाळ्यात चांगला माल फळीवर, बाकीचा खाली. २२ जुलै २०२१ ला पाणी फळीच्याही वर गेलं. वाशिष्ठी, शिव नदी, वरचा पाऊस, खाडीची भरती, सगळं एकाच वेळी आलं. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यानंतरच्या आठवड्याबद्दल सांगायचं आहे.

पाणी ओसरलं तेव्हा प्रत्येकाने आपापल्या दुकानातला चिखल आणि भिजलेला माल बाहेर ओढला. दुसरं करणार काय? दुपारपर्यंत बाजारपेठेतला रस्ता छातीएवढ्या ढिगांनी बंद झाला. जेसीबी आत येईना, पिण्याच्या पाण्याचा टँकर येईना. आमच्या गल्लीत रोज झाडायला येणाऱ्या दोघांची घरंसुद्धा पाण्यात गेली होती, तरी ते आले होते. तेव्हा गल्लीत उभं राहून नगरपरिषदेच्या एका स्वच्छता निरीक्षकांनी ठरवलं: आधी मधला पट्टा मोकळा, मग उजवी बाजू, मग डावी, आणि जोवर तुमच्या बाजूची पाळी येत नाही तोवर दुकानातून काही बाहेर टाकायचं नाही. लोक चिडले. मीही चिडलो. डोळ्यांदेखत कुजणारा माल आत ठेवायचा, हे सांगणाऱ्याला काय वाटत असेल हे तेव्हा सुचलं नाही. पण दुसऱ्या दिवशी टँकर आत आला तो त्याच पट्ट्यातून. पुढे ठाणे आणि नवी मुंबईची पथकं मदतीला आली, त्यांच्या गाड्याही तिथूनच फिरल्या.

गाळ कुठे टाकायचा, हा दुसरा निर्णय. तो घाईत झाला नाही तर गाळ पुन्हा नदीकाठीच पडतो आणि पुढच्या पावसात परत घरात येतो. वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात लोक साखळी उपोषणाला बसले, तेव्हा मी तीन दिवस तिथे होतो. निळ्या आणि लाल पूररेषेचा वादही मी त्यातच धरतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. बाजारपेठेत राहणाऱ्याला ती रेषा म्हणजे आपलं घर दुरुस्त करता येईल की नाही याचा प्रश्न. पूर एका दिवसात उतरला, हा कारभार वर्षानुवर्षं चालला आहे.

नदीकाठचं एक शहर, माजी नगरसेविका

ताई, नाव टाळायची सोय ठेवलीत म्हणून लिहिते.

माझं सदस्यत्वाचं दुसरं वर्ष. रात्री दोनला पुराने दोन वाड्यांचा संपर्क तुटला. मुख्याधिकाऱ्यांकडे शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार होता आणि ते तिथेच अडकले होते, मधला रस्ता बंद. नगरपरिषदेत आम्ही पाच जण: नगराध्यक्ष, मी, आणखी एक सदस्य, पाणीपुरवठ्याचे अभियंता आणि हेडक्लार्क. खाडीतल्या चार होड्या ट्रकवर चढवून आणायच्या होत्या. ट्रकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, येतो. पण मागच्या वेळचं भाडं अजून निघालेलं नाही. या वेळी कोण देणार ते सांगा." त्यात उद्धटपणा नव्हता. त्याच्या डिझेलचा प्रश्न होता.

तेव्हा हेडक्लार्कनी कपाटातून १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचं जुनं पुस्तक काढलं आणि कलम ५८(२) वर बोट ठेवलं. तातडीच्या प्रसंगी, लोकांच्या सुरक्षिततेसाठी लागणारं काम सभेच्या मंजुरीसाठी न थांबता करून घ्यायचा आदेश नगराध्यक्ष देऊ शकतात; नंतर ते सभेपुढे ठेवावं लागतं. वीज नव्हती. पाठकोऱ्या कागदावर मेणबत्तीच्या उजेडात हाताने आदेश लिहिला, वेळ टाकली, सही घेतली. साडेचारला होड्या आल्या. उजाडेपर्यंत ३१ माणसं बाहेर आली, त्यात नऊ महिन्यांची एक पोटुशी होती.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कार्योत्तर मंजुरीचा विषय सभेत आला आणि विरोधी बाजूने विचारलं, तीन दरपत्रकं कुठे आहेत? मला संताप आला. रात्री दोनला दरपत्रकं कोणाकडून मागवायची? पण घरी आल्यावर शांतपणे विचार केला. आधीच्या काळात याच कलमाखाली निवडणुकीच्या तोंडावर पेव्हर ब्लॉक बसवलेले मी स्वतः पाहिले होते. विचारणाऱ्याचा संशय आमच्यावर नव्हता, त्या कलमाच्या इतिहासावर होता. विषय पुढच्या सभेवर गेला, मग लेखापरीक्षणाचा आक्षेप, मग खुलासा. ट्रकवाल्याला पैसे मिळाले अकरा महिन्यांनी. त्यानंतरच्या पावसाळ्यात अशाच एका रात्री त्याचा फोन बंद लागला. मी त्याला दोष देऊ शकले नाही.

मग आम्ही एक केलं. मेच्या सभेतच जेसीबी, ट्रक, होडी, जनित्र, लाकूड कापायचं यंत्र, सगळ्यांचे तासाचे दर ठरवून ठराव करून ठेवायला लागलो. कोणाला बोलवायचं त्यांची यादी त्याच ठरावाला जोडलेली. रात्री फक्त फोन करायचा आणि लॉगबुकात वेळ लिहायची. बिल महिन्याभरात निघतं. माझी मुदत संपली तेव्हा मी मागे काही ठेवून गेले असेन तर हा ठराव.

खेड

जगबुडी नदीने ७ मीटरची धोका पातळी ओलांडली की बाजारपेठेला इशारा जातो. आमच्या ओळीत एक नियम आम्हीच केला आहे: इशारा आला की आधी शेजारच्या बंद दुकानाच्या मालकाला फोन, मग स्वतःचा माल. नगरपरिषदेचे लोक दोन वेळा फिरून जातात, त्यापलीकडे त्यांच्याकडून फार काही अपेक्षा नाही. भोंगा मात्र वेळेवर हवा.

श्रीवर्धन, निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. आदल्या दिवशी किनाऱ्यालगतच्या घरांतून लोकांना शाळांत हलवायचं काम चाललं होतं, आणि वर कोरोना. एका वर्गात किती माणसं ठेवायची, यावर आमच्यासमोर वाद झाला. अंतर ठेवावं तर वर्ग पुरत नाहीत, वर्ग भरावेत तर आजाराची भीती. शेवटी ठरलं, कुटुंब तोडायचं नाही. एका कोपऱ्यात एक कुटुंब. मला ते आजही बरोबर वाटतं.

वारा दुपारी पडला तेव्हा बाहेर येऊन पाहिलं, तर बागायतीच्या वाड्याच नव्हत्या. माड, पोफळी, आंबे, फणस रस्त्यावर आडवे. पत्रे, कौलं, विजेचे खांब सगळे एकात एक. वीज पुढे कित्येक दिवस नव्हती आणि आमचं पाणी विजेवर. पंप चालवायला जनित्र मिळालं, पण डिझेल मोजकं. पूर्ण गावाला रोज थोडं सोडावं, की एक दिवसाआड एकेका भागाला? थोडं थोडं सोडलं तर उंचावरच्या आळ्यांना थेंब पोचत नाही, दाबच येत नाही. हे वरिष्ठांना कागदावर दिसत नव्हतं, व्हॉल्व फिरवणाऱ्या आम्हा दोघांना ठाऊक होतं. आम्ही सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. उंचावरच्या भागाला आधी, दिवसाआड. खालच्यांना विहिरी होत्या. विहिरीत पडलेला पाला काढून पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकत एक माणूस घरोघर फिरला.

ऐकणारा अधिकारी मिळणं हे नशीब समजायचं का? मला नाही वाटत. बैठकीला व्हॉल्वमनला बोलवा, एवढं साधं आहे ते.

*(धागा सुरू करणारी: दादा, हे वाचून मी थांबले. माझ्या त्या दोन रात्रींत कक्षातल्या टेबलाभोवती व्हॉल्वमन किंवा वायरमन एकही नव्हता. आणखी एक विचारायचं आहे. २०२१ च्या अखेरीपासून आपल्या बऱ्याच नगरपरिषदांची मुदत संपली आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत प्रशासक होते. त्या काळात काय फरक पडला?)*

दक्षिण कोकणातलं बंदर, मच्छी विक्रेती

फरक पडला. पूर्वी रात्री नगरसेवकाच्या दारावर थाप मारायचो. शिव्या घालायचो, पण तो दार उघडायचा, कारण पुढच्या वेळी मत मागायला यायचं असायचं. प्रशासकांच्या काळात काम झालं नाही असं नाही. फोन केला की नोंद व्हायची, कधी माणूसही यायचा. पण दार ठोठवायला कुठे जायचं? ते राहतात दुसऱ्या गावात. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, १६ मे २०२१ ला, आमचा सदस्य स्वतः पावसात बोंबलत फिरत होता, "भायर पडा नकात, होडये वर घेवा!" त्याचा सगळा कारभार चांगला होता असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तो होता.

महाड

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी नद्या शहरात होत्या. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तो सावित्रीला येणारच. त्याच दिवशी तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. म्हणजे मदत पथकं आली तरी ती दोन दिशांना जाणार हे उघड होतं, आणि तसंच असायला हवं होतं. शहरातल्या आम्हा पोरांना तेव्हा एक गोष्ट कळली: पहिला दिवस आपला आपल्यालाच काढायचा असतो.

होडीत जागा चार माणसांची आणि हाका चाळीस घरांतून. कोणाला आधी? आमच्या प्रभागातल्या एका अंगणवाडी सेविकेकडे वही होती. गरोदर बाया, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवाले, ऑक्सिजनवर असलेले, सगळ्यांची घरं आणि मजले तिने जूनमध्येच लिहून ठेवले होते. आम्ही तिच्या वहीप्रमाणे फिरलो. ज्यांना थांबायला सांगितलं त्यातल्या कोणी भांडण केलं नाही, कारण वही सगळ्यांना दाखवता येत होती. सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर हे मला पाठ आहे. पण आता मी दर जूनला त्या वहीची झेरॉक्स मागून घेतो.

एक शिक्षक, किनाऱ्यावरचं छोटं शहर

कोरोनात मला प्रभागाची ड्यूटी होती. २०२० च्या गणपतीला मुंबईहून येणाऱ्यांना दहा दिवस विलगीकरण. माझ्याच विद्यार्थ्याचा बाप दारात उभा, आई घरात आजारी, आणि मी त्याला शाळेत राहायला सांगतोय. नियम मी केला नव्हता, पण त्याच्यासाठी नगरपरिषद म्हणजे मीच. त्याने खिडकीतून आईला पाहावं अशी व्यवस्था केली, याची कुठे नोंद नाही. बाकी फार लिहवत नाही.

जुन्या इमारतीतली भाडेकरू

प्रश्न विचारायला आले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची पाच मजली इमारत पडली, त्यानंतर आमच्या गावात नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ च्या नोटिसा भराभर निघाल्या. आम्हालाही आली: इमारत धोकादायक, रिकामी करा. जायचं कुठे, हक्क राहतो का, यावर एक ओळ नाही. मालक गप्प. दर जूनला तीच नोटीस येते, दारावर चिकटवतात, फोटो काढतात. कोणाच्या गावात याच्यापुढे काही झालं आहे का?

सफाई कामगाराचा मुलगा

वडील नगरपरिषदेत होते. पुरात त्यांचं काम म्हणजे चेंबरची झाकणं उघडायची आणि उघड्या तोंडाशी बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधायचं. गढूळ पाण्यात तोंड दिसत नाही, माणूस आत जातो. एका वर्षी बांबू कमी पडले तेव्हा ते स्वतः एका तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात तीन तास उभे राहिले आणि येणाऱ्याला हाताने बाजूला काढत राहिले. पंधरा दिवसांनी तापाने पडले, लेप्टो (घाण पाण्यातून होणारा ताप) निघाला. वाचले. नंतर सभेत अभिनंदनाचा ठराव झाला, त्यात शब्द होते "कर्मचारी वर्गाने". रजेचे पैसे कापले गेले ते वेगळं.

मी त्याच कार्यालयात आवक-जावकला लागलो आहे. मेअखेरीस नियंत्रण कक्षाची नवी वही माझ्याकडे आली, पहिल्या पानावर पाळ्या लिहायच्या होत्या. मागच्या वह्यांत नुसती पदं आहेत: एक मुकादम, चार सफाई कामगार, एक वायरमन. मी पूर्ण नावं लिहिली, प्रत्येकापुढे घरचा फोन लिहिला, आणि साहित्याच्या रकान्यात बांबू साठ, लाल कापड वीस मीटर, गमबूट आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या. साहेबांनी वाचून सही केली. बांबू सोमवारी येणार आहेत.