तळपायाचा दाब सांगणारे इनसोल: कुणी वापरलेत का?

अर्धीचप्पल:
नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह १८ वर्षांपासून. मधुमेहाने तळपाय बधिर झालेत. मागच्या वर्षी शर्टाचं तुटलेलं बटण बुटात पडलं आणि दिवसभर ते त्यावरच चालले. संध्याकाळी मोजा लाल दिसला, तेव्हा कळलं. अंगठ्यामागे चवड्याला जखम. भरायला पाच महिने लागले, त्यातले दोन महिने पाय प्लास्टरमध्ये. आता बंद होऊन तीन आठवडे झालेत. डॉक्टर म्हणतात, पुन्हा तिथेच होऊ शकते, सेन्सरवाले इनसोल वापरून बघा. बाबा म्हणतात, "दुखतंय कुठे? कशाला ते खेळणं?" याचा खरंच उपयोग होतो का? आणि या वयाचा माणूस ते रोज घालेल का?

खडूफळा:
बाबांचं "दुखतंय कुठे?" वाचून हसू आलं आणि नाहीही. हेच वाक्य मी डाव्या पायाची करंगळी जाईपर्यंत म्हणत होतो.

मधुमेह २२ वर्षं, सगळा जन्म फळ्यासमोर उभं राहून शिकवण्यात गेला. गेले १४ महिने हे इनसोल घालतोय. एका जागी दाब फार वेळ राहिला की मनगटावरचं घड्याळ थरथरतं. मला वाटायचं, ते जिना चढताना, भरभर चालताना वाजेल. पहिल्या आठवड्यात जास्तीत जास्त वेळा वाजलं ते मी नुसता उभा असताना! डाव्या पायावर भार टाकून बोलत राहायची सवय. २५ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि पायाने सांगणं कधीच सोडलेलं.

धडधाकट माणूस उभा असला की न कळत या पायावरून त्या पायावर होतो. आतून कुरकुर होते म्हणून. आपल्या पायात ती कुरकुर नाही. दाब साधारण ३५ मिमी पाऱ्याच्या वर टिकून राहिला की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, तिथे रक्त पोचत नाही. घड्याळ वाजलं की मी दोन मिनिटं बसतो किंवा भार बदलतो. एवढंच काम.

आकडा हवा असेल तर, २०१९ मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये अशा इनसोलचा अभ्यास आला. आधी जखम होऊन गेलेल्यांवर, १८ महिन्यांपर्यंतचा. सूचना मिळत होत्या त्या गटात तळपायाच्या नव्या जखमा ७१ टक्क्यांनी कमी. अभ्यास छोटा आहे, हेही सांगून ठेवतो. पण जखम भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा होते, म्हणून मी घालतो.

फसलो कुठे तेही ऐका. इनसोल बुटात, बूट दाराशी, आणि मी घरात अनवाणी! घरातच आपण किती चालतो हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. आता घरातले बूट वेगळे, इनसोल त्यात हलवतो. रात्री बाथरूमलासुद्धा ते घालूनच. बायको म्हणते, नवरदेव.

सैललेस:
मी मधुमेहींचे बूट बनवते, बुटाच्या आतला दाब मोजणं हे रोजचंच. चालताना एखाद्या जागी २०० किलोपास्कलच्या वर गेला तर आम्ही चवड्यामागे उंचवटा देतो, त्या जागेखालचं मटेरियल खरवडतो आणि पुन्हा मोजतो. नवा बूट "मऊ लागतो" याला अर्थ नाही. लागतोय हेच ज्याला कळत नाही, त्याला मऊ काय नि कडक काय.

दोन गोष्टी. बाबांच्या त्या जागी घट्टा आलाय का बघा. घट्टा म्हणजे बुटात कायमचा खडा. तो तज्ज्ञाकडून काढला की दाब लगेच उतरतो. घरी ब्लेड अजिबात नको, कुरूप काढायच्या पट्ट्याही नकोत, त्यातल्या ॲसिडने कातडी भाजते.

दुसरं, बरेचसे सेन्सर वरून येणारा दाब मोजतात, बाजूने होणारं घासणं त्यांना दिसत नाही. घड्याळ गप्प म्हणजे पाय ठीक, असं नाही. रोज दोन्ही तळव्यांचं तापमान त्याच त्याच जागांवर मोजा. फरक २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त आणि सलग दोन दिवस राहिला, तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवा. पाय गरम, सुजलेला, पण दुखत नाही असं झालं तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नका. हाडं ढासळत असू शकतात.

अर्धीचप्पल:
दोघांचे आभार. घट्टा आहे. आम्ही त्याला "जखमेची खूण" समजत होतो. परवाची वेळ घेतली.

खडूफळा यांचं सगळं बाबांना वाचून दाखवलं. करंगळीपाशी गप्प झाले, नवरदेवावर हसले. थोड्या वेळाने स्वतःच उठून बूट उपडा करून झटकला, आत हात फिरवला. इनसोलबद्दल अजून "बघू"च चाललंय.

खडूफळा:
दुसराही झटकायला सांगा.