मदत हवी आहे: रेझिलियन्सच्या उलट्या प्रश्नांचं काय करू?

एमबीबीएस सेकंड इयरच्या मुलांचा स्वभाव आणि वेलबीइंग (मानसिक स्वास्थ्य), रेझिलियन्स (ताणातून सावरायची ताकद) यांचा संबंध बघतेय. स्वभाव मोजणारा 44 प्रश्नांचा बीएफआय (बिग फाइव्ह इन्व्हेंटरी), वेलबीइंगचा डब्ल्यूएचओ-5 आणि 6 प्रश्नांचा ब्रीफ रेझिलियन्स स्केल मराठीत करून 20 जणांकडून भरून घेतला, एथिक्सची परमिशन आहे, नावं घेत नाही. ब्रीफ रेझिलियन्समधले 2, 4, 6 नंबरचे उलट अर्थाचे प्रश्न रिव्हर्स स्कोअर करूनही (म्हणजे त्यांचे मार्क उलटे धरूनही) अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) कमीच येतोय, आणि बीएफआयला शेवटी शेवटी सगळे 3 वरच, म्हणजे मधल्याच पर्यायावर, टिक करतात, पोस्टिंगवरून दमून आलेली असतात बिचारी. इंग्लिश फॉर्म नको, बरेच जण मराठी मीडियमचे आहेत. बीएफआय-10 (10 प्रश्नांचा छोटा बीएफआय) घेतला तर एका स्वभावगुणाला 2च प्रश्न उरतात, मग न्यूरॉटिसिझमचा (चिंता, अस्वस्थतेकडे कल) निकाल धरता येईल का? आणि उलट्या प्रश्नांची वाक्यं सोपी केली तर परत बॅक-ट्रान्सलेशन (मराठीचं पुन्हा इंग्लिश करून मूळ वाक्याशी ताडून बघणं) करावं लागेल का?