लिनक्सवर दुसरा मॉनिटर जोडताना नवशिक्याला आधी टर्मिनल दाखवावे का? (पायरीपायरीने, निरीक्षक आणि समास या नावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

पायरीपायरीने

नुकतेच लिनक्स वापरू लागलेल्या एका स्नेह्याने लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडला, तेव्हा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसू लागले. त्याने विचारणा केली आणि त्याला मिळालेले पहिले उत्तर 'टर्मिनलमध्ये ही एक्सरँडरची ओळ टाका' असे होते. टर्मिनल म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी आणि एक्सरँडर ही पडद्यांची मांडणी पाहण्याची व बदलण्याची आज्ञा. त्या ओळीत 'एचडीएमआय-१' असे नाव होते, प्रत्यक्षात त्याचा मॉनिटर 'डीपी-२' या नावाने नोंदला गेला होता. असे आउटपुट सापडत नाही, एवढीच सूचना उमटली आणि केबल खराब आहे अशी त्याची समजूत झाली. नंतर सेटिंग्जमधील डिस्प्ले विभागात मिररऐवजी जोडून वापरण्याचा पर्याय निवडला, दोन चौकोन ओढून टेबलावरच्या मांडणीप्रमाणे ठेवले आणि काम दोन मिनिटांत झाले.

नवशिक्याला पहिल्याच दिवशी टर्मिनलकडे पाठवणे ही मदत नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. सेटिंग्जमध्ये चुकीचा बदल झाला, तर तो कायम ठेवायचा का असे संगणक विचारतो आणि काही सेकंदांत उत्तर मिळाले नाही, तर पूर्वीची मांडणी आपोआप परत आणतो. एक्सरँडरने चुकून समोरचाच पडदा बंद केला, तर परतीची आज्ञा अंधारात टंकावी लागते. शिवाय ती मांडणी लॉगआउटनंतर टिकत नाही. सेटिंग्जमधील बदल ग्नोम हा लिनक्सवरचा डेस्कटॉप स्वतःच फाइलमध्ये लिहून ठेवतो.

निरीक्षक

आपल्या स्नेह्याला त्रास झाला तो टर्मिनलमुळे नव्हे, तर न वाचता चिकटवलेल्या ओळीमुळे. एक्सरँडर कोणत्याही पर्यायाविना चालवले असते, तर प्रत्येक पोर्टचे नाव, त्याला काही जोडलेले आहे की नाही आणि मॉनिटर कोणकोणती रिझोल्यूशन्स स्वीकारतो हे सारे एका नजरेत दिसले असते, आणि योग्य नाव घालून तीच ओळ वापरता आली असती.

सेटिंग्जची खिडकी सगळे सुरळीत असताना उत्तम असते. दुसरा मॉनिटर तिथे दिसतच नसेल, तर मात्र ती काहीही सांगत नाही. प्रत्येक मॉनिटर आपली माहिती ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीत बाळगतो आणि ती केबलमधून संगणकाकडे पोहोचते. मधल्या अडॅप्टरमुळे ती नोंद वाचता आली नाही, तर मॉनिटर जोडलेला दिसतो, पण १०२४ गुणिले ७६८ सारखी जुजबी रिझोल्यूशन्सच मिळतात. कारण कळल्याशिवाय नवशिक्या त्या खिडकीत कितीही वेळ शोधत राहिला, तरी हाती काही लागणार नाही. शिवाय ग्नोम, केडीई आणि एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या खिडक्या वेगवेगळ्या आहेत, आज्ञा मात्र सगळीकडे एकच आहे.

पायरीपायरीने

एकच होती, असे म्हणावे लागेल. एक्स११ ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी व्यवस्था १९८७ची आहे आणि एक्सरँडर तिच्याशीच बोलते. तिची जागा घेणाऱ्या वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले, फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने २०१६ मधील २५व्या आवृत्तीत ते मुख्य पर्याय म्हणून स्वीकारले आणि उबुंटूही २१.०४ पासून त्याच वाटेने गेले. वेलँडमध्ये एक्सरँडर मॉनिटरची यादी दाखवते, परंतु मांडणी बदलू शकत नाही, कारण तो अधिकार आता डेस्कटॉपकडेच आहे. जुन्या उत्तरांतील ओळी आजच्या नवशिक्याला देताना हा फरक सांगितला जात नाही, याचेच मला वाईट वाटते.

समास

माझ्या मते खरी अडचण मांडणीनंतर सुरू होते. १४ इंची लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर, दोन्हींचे रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८०, अशी जोडी समजा. लॅपटॉपवर एका इंचात सुमारे १५७ पिक्सेल येतात आणि मॉनिटरवर सुमारे ९२, म्हणजे तीच खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेली की अक्षरे एकदम मोठी होतात. एक्समध्ये दोन्ही पडदे मिळून एकच मोठा पृष्ठभाग मानला जातो, त्यामुळे प्रत्येकाला वेगळे स्केलिंग, म्हणजे अक्षरे-चित्रे मोठी-लहान करण्याचे प्रमाण, देणे अवघड जाते. एक्सरँडरने चित्र ताणून काम भागवता येते, पण अक्षरे धूसर होतात. वेलँडमध्ये प्रत्येक पडद्याचे स्केलिंग स्वतंत्र असते आणि ते सेटिंग्जमधूनच ठरवता येते. दिवसभर वाचन-लेखन करणाऱ्यासाठी ही सोय आज्ञांच्या ज्ञानापेक्षा मोलाची आहे.

निरीक्षक

बदल करण्यासाठी सेटिंग्ज वापराव्यात, हे मला मान्य आहे. निदानाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. वेलँड असो वा एक्स, लिनक्सचा गाभा असलेला कर्नल प्रत्येक पोर्टची स्थिती 'सिस' डिरेक्टरीखालील डीआरएम या ग्राफिक्सच्या विभागातल्या एका छोट्या फाइलमध्ये दाखवतो. ती नुसती वाचल्याने काहीही बिघडत नाही. तिथेही पोर्ट जोडलेला दिसत नसेल, तर दोष डेस्कटॉपच्या मांडणीत नसून त्याच्या खाली आहे आणि शोध केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हरकडे वळवायला हवा.

अशी कारणे पुष्कळ आढळतात. डेस्कटॉप संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते. यूएसबी-सी पोर्ट चार्जिंग करतो, पण चित्र पाठवण्याची सोय त्यात नसते. ४के मॉनिटर ३० हर्ट्झवरच अडकतो, कारण मधला एखादा भाग एचडीएमआय १.४चा असतो आणि ६० हर्ट्झसाठी २.० लागते. सेटिंग्जच्या यादीत ३० हा आकडा दिसतो, त्यामागचे कारण दिसत नाही.

एक प्रश्न राहिला. आपल्या स्नेह्याचे सत्र एक्सचे होते की वेलँडचे, हे आपण पाहिले का?

पायरीपायरीने

पाहिले नव्हते, आणि ते आधी पाहायला हवे होते. आपल्या प्रश्नानंतर त्याला सेटिंग्जमधील सिस्टिमच्या माहितीत 'विंडोइंग सिस्टिम'समोर काय लिहिले आहे ते वाचायला सांगितले. तिथे वेलँड आहे. म्हणजे त्या ओळीत 'डीपी-२' हे योग्य नाव घातले असते, तरी त्याचे पडदे जागचे हलले नसते. पोर्टची फाइलही त्याने माझ्यासोबत उघडून वाचली. ती वाचताना तो गोंधळला नाही, हे आपल्या बाजूने नोंदवतो. पण हे सारे त्याने केले ते दोन्ही पडदे नीट चालू असताना, घाई नसताना. पहिल्या दिवशी मी त्याला तिथे नेले नसते.