मुलाबरोबर आईवडिलांनाही का बोलावतात?

शाळेत जायला नकार देणाऱ्या मुलासाठी मदत हवी असताना आईवडिलांनाही समोर का बसवतात, हा वर विचारलेला प्रश्न रास्त आहे. शाळेतच काही घडले असेल तर ते आधी तपासावे लागते. परंतु कुटुंबोपचारात त्रास एकट्या व्यक्तीत न शोधता घरातल्या परस्पर व्यवहारातही शोधला जातो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी त्रिकोणाची संकल्पना मांडली: दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला त्यात ओढले जाते. नवराबायकोत अबोला असला की "बाबांना सांग, पान वाढलंय" हा निरोप मुलाच्या तोंडून जातो, घरातला ताण पेलण्याचे काम नकळत त्याच्यावर येते आणि, हे मला फार महत्त्वाचे वाटते, त्याचे पोट दुखू लागले की आईबाबा निदान तेवढ्यापुरते एकमेकांशी बोलतात. उपचारतज्ज्ञ येथे निवाडा करत नाहीत. ते दोघांना थेट बोलते करतात, मूल मध्ये पडू लागल्यास त्याला थांबवतात आणि कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांच्या पद्धतीप्रमाणे प्रसंगी बसण्याच्या जागाही बदलतात. मात्र घरात मारहाण होत असेल, तर आधी मार खाणाऱ्याची सुरक्षितता पाहावी. तेथे एकत्र बैठकीचा आग्रह धरू नये.