मदत हवी आहे: बाबांचं हाडांचं दुखणं रात्री आवरत नाही

निशिगंध_७: बाबांचा कॅन्सर हाडांत पसरलाय. गोळ्या चालू आहेत, तरी रात्री कूस बदलली की ओरडतात. डॉक्टरांची तारीख लांब आहे. आत्ता काय करू? 'धीर धरा' नका सांगू.

सायली_क: कॅन्सर कशाचा? कुठली हाडं? गोळी कोणती, किती तासांनी?

पिंपळपान: कोमट तेलाने पाठ चोळा. माझ्या काकांना फार बरं वाटायचं.

सायली_क: चोळू नका! पोखरलेलं हाड दाबानेही मोडतं.

निशिगंध_७: प्रोस्टेट. कंबर आणि मणके. मॉर्फिन १० मिलिग्रॅम, अगदीच असह्य झालं की देतो. सवय लागायला नको.

सायली_क: घोडं इथेच अडलंय. मी नर्स आहे. साधी, म्हणजे लगेच काम करणारी मॉर्फिन साधारण चार तास पुरते. दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायची असते. मध्येच कळ आली तर जादा डोस किती, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. व्यसनाच्या भीतीने त्यांना तळमळत ठेवू नका. आणि रेचक? मॉर्फिनबरोबर ते लागतंच.

उमेश४४: गोळ्यांत अडकू नका, रेडिएशन घ्या. आईला एकदाच ८ ग्रे (किरणांच्या डोसचं माप) दिलं. आधी दोन-तीन दिवस दुखणं वाढलं, मग हळूहळू उतरलं.

रानवारा: त्यापेक्षा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, हाडं बळकट ठेवणारं इंजेक्शन. फक्त आधी दात आणि किडनी तपासा.

उमेश४४: ते हाड मोडू नये म्हणून असतं. आज रात्रीच्या कळेला त्याचा काय उपयोग?

पिंपळपान: साखर बंद करा, कॅल्शियम वाढवा.

सायली_क: विचारलंय काय! कॅल्शियम मनाने देऊ नका, रक्तात आधीच वाढलेलं असू शकतं. निशिगंध, पायांत ताकद आहे ना? लघवी नीट होते?

निशिगंध_७: कालपासून पाय जड झालेत म्हणतात. लघवीला वेळ लागतो, पण तो वयामुळे असेल.

सायली_क: वयावर घालवू नका. मज्जारज्जू दाबला जात असेल तर उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात. तारीख विसरा, आत्ता इमर्जन्सीत न्या. 'कॅन्सर मणक्यात आहे, पाय जड झालेत' हे आधी सांगा, एमआरआय आजच व्हायला हवा. नेताना आडवंच ठेवा.

उमेश४४: जुने स्कॅन सोबत घ्या.

निशिगंध_७: अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. निघायच्या आधी मॉर्फिन देऊ?

सायली_क: शेवटच्या गोळीला चार तास झाले असतील आणि गुंगी नसेल, तर लिहून दिलेला डोस द्या. वेळ कागदावर लिहा आणि तिथे दाखवा.