शब्दचर्चा : ‘चूक दाखवणे’ आणि ‘चूक काढणे’

‘चूक दाखवणे’ आणि ‘चूक काढणे’ हे दोन प्रयोग वरवर एकाच अर्थाचे वाटतात. परंतु आमच्या भागात, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, त्यांची अदलाबदल सहसा होत नाही. दाखवणारा शेजारी उभा राहून बोट करतो आणि पुढचे ज्याचे त्याच्यावर सोडतो. काढणारा ती चूक उकरून चारचौघांपुढे धरतो. ‘त्यानं माही चूक दाखोली’ असे सांगणाऱ्याच्या आवाजात उपकाराची जाणीव असते, तर ‘माही चूक काहाडली’ या वाक्यात गाऱ्हाणे असते.

हे सुचण्याचे कारण गावाच्या व्हॉट्सॲप गटावर घडलेला एक प्रसंग. हरभरा काढणीला आला असताना एका शेतकऱ्याने लिहिले, ‘उद्या सोंगणीले चार मानसं पायजे. मजुरी नगदी.’ मिनिटभरात पुण्यात नोकरीला असलेल्या, मूळच्या आमच्याच गावच्या एका गृहस्थांचे उत्तर आले, ‘माणसं. पाहिजेत. सोंगणीला. तुमच्या लेखनात फार चूका आहेत.’ त्यावर शेतकऱ्याने एवढेच विचारले, ‘मंग तुम्ही येता का सोंगाले?’ पुढे दोन दिवस त्या गटावर कोणी काही लिहिले नाही, आणि माणसे त्याला शेवटी पारावरच मिळाली.

आता यातले अशुद्ध नेमके कोणते, ते पाहू. ‘-ले’ हा वऱ्हाडीचा नियमित प्रत्यय आहे (मले, तुले, बैलाले), आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येणे हेही तितकेच नियमित आहे. तो शेतकरी जसे बोलतो तसेच त्याने लिहिले, त्यात त्याची गफलत झालेली नाही. गफलत झाली ती दुरुस्ती करणाऱ्याची. ‘चूक’मधला ऊकार दीर्घ असला, तरी अनेकवचनात आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘चुका’ आणि ‘चुकीचा’, जसे ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते.

मला स्वतःला ‘शुद्धलेखन’ हा शब्दही थोडा खटकतो. मराठी साहित्य महामंडळाचे जे 14 नियम 1962 मध्ये शासनाने स्वीकारले आणि ज्यांत 1972 मध्ये आणखी 4 नियमांची भर पडली, ते ‘लेखनविषयक नियम’ आहेत; शुद्ध म्हटले की समोर अशुद्ध येते, आणि त्या शब्दावर विटाळाची सावली पडलेली असते. ‘प्रमाणलेखन’ म्हटले की भांडणातला निम्मा ताप उतरतो. (‘शुद्ध’ हा शब्दच ‘शुध्द’ असा, म्हणजे ‘द’ आणि ‘ध’ यांची उलटापालट करून लिहिणारे शुद्धतेचे रखवालदार मी पुष्कळ पाहिले आहेत.) याच 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्याआधी शाळा संपवलेले आमच्या गल्लीतले आजोबा आजही ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे लिहितात, आणि त्यांच्या नातवाच्या वयाची मुले ते टिंब खोडायला धावतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीच्या गद्यातले उतारे छापताना ते मूळ लेखनाप्रमाणेच छापावेत असे खुद्द नियमच सांगतात. आजोबांच्या दोन ओळींना तेवढी सवलत द्यायला काही हरकत नसावी.

याचा अर्थ कोणी कोणाला काहीच सांगू नये, असा मात्र नाही. फवारणीच्या औषधाचे प्रमाण लिहिताना कोणी 10 च्या जागी 100 लिहिले, तर ते तत्काळ आणि सर्वांसमक्षच सांगायला हवे, कारण वाचणारा पंपात तेवढेच औषध ओतणार असतो. उलट 26 जानेवारीच्या फ्लेक्सच्या नमुन्यात एका मुलाने ‘प्रजासत्ताक दीन’ लिहिले, तेव्हा आमच्या निवृत्त गुरुजींनी गटावर अक्षरही न लिहिता त्याला फोन केला आणि ‘दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, छापाले द्याच्या आंधी पाहून घेजो बाबू’ एवढेच म्हटले. फ्लेक्स नीट छापून आला आणि त्या मुलाची चूक गावाला कळलीही नाही.

प्रतिसाद : गुरुजींच्या वाक्यातले ‘घेजो’ या चर्चेत महत्त्वाचे वाटते. प्रमाण मराठीतल्या ‘घे’मध्ये हुकूम असतो, वऱ्हाडीतल्या ‘येजो, करजो, पाहून घेजो’ या रूपांत सवडीने करण्याची मुभा असते. यादीत ‘खुसपट काढणे’ हाही प्रयोग घ्यावा, कारण त्यात चूक असण्याचीसुद्धा गरज नसते.

प्रतिसाद : माझे मत थोडे वेगळे आहे. परीक्षेत ‘मले’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण जातात. कोणी टोकलेच नाही, तर त्याने प्रमाणलेखन शिकावे कुठे?

मूळ लेखक : वहीत शिकावे, वही आपण तपासायलाच देतो. मजूर बोलावणाऱ्याने आपला निरोप कोणाकडे तपासायला दिलेला नव्हता. ‘टोकणे’ हा शब्द मात्र चांगला सुचवलात. त्यात काळजी आणि टोचणी दोन्ही आहेत.

प्रतिसाद : त्या पुण्याच्या गृहस्थांना ‘चूका’बद्दल कोणी सांगितले का?

मूळ लेखक : अद्याप नाही. ते दिवाळीला गावी येतात. पांदणीने शेतात जाताना आम्ही दोघेच असू, तेव्हा सांगेन.