७४ डाउनलोड, ११ डॉलर. स्टॉकवर फोटो टाकणं बंद करू का?

हर्णै_लिलाव

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज महिन्याचं स्टेटमेंट उघडलं आणि डोकंच फिरलं. मी दापोली साइडला असतो. लग्नं, मुंजी, होमस्टेवाल्यांचे फोटो हे पोटापाण्याचं काम आणि २०१६ पासून जोडीला स्टॉकवर, म्हणजे फोटो विकून आपल्याला वाटा देणाऱ्या ऑनलाइन एजन्सीवर, फोटो टाकतोय. एजन्सीचं नाव घेत नाही, उगाच अकाउंटची भानगड नको. पोर्टफोलिओत आज २३०० च्या आसपास फोटो आहेत. गेल्या महिन्यात ७४ डाउनलोड झाले, त्यातले ५२ नुसते दहा सेंटवाले, बाकीचे वीस-तीस सेंट आणि एक जरा बरा गेला म्हणून सगळे मिळून ११ डॉलर ३८ सेंट. २०१९ ला १४०० च फोटो होते तेव्हा महिन्याला ८०-९० डॉलर आरामात पडायचे. म्हणजे माल वाढला, गिऱ्हाईक पण येतंय, आणि पैसे मात्र मे महिन्यातल्या विहिरीसारखे आटले.

दहा सेंट म्हणजे आठ-नऊ रुपये. एस्टी स्टँडवर कटिंग पण येत नाही त्यात.

आमच्या काकांचा आंबा वाशीला जायचा, मागाहून अडत्याची पट्टी यायची, हमाली तोलाई अमुक तमुक वजा होऊन खाली उरलेला आकडा बघून काका दिवसभर शिव्या घालायचे. पण निदान पेटी कितीला गेली ते पट्टीवर लिहिलेलं तरी असायचं! इथे माझा फोटो गिऱ्हाइकाला केवढ्याला दिला ते मला दिसतच नाही, माझ्या हातावर काय टेकवलं तेवढंच दिसतं.

आणि मेहनत बघा. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला जायचं, चिखलपाण्यात, बैलगाड्या आणि टोपल्यांच्या मधे कोणाचा धक्का लागेल ते सांभाळत दोनशे फोटो काढायचे, रात्री बसून त्यातले वीस निवडायचे, प्रत्येकाला इंग्लिशमध्ये कॅप्शन आणि चाळीस-पन्नास कीवर्ड (सुरमईला इंग्लिशमध्ये काय म्हणतात हे मी ह्या कामासाठी पहिल्यांदा शोधलं), आणि मग त्यातले नऊ रिजेक्ट, कारण 'सिमिलर कंटेंट'. अरे लिलाव एकच आहे तर सिमिलरच असणार ना. त्यात खारी हवा. गेल्या पावसाळ्यात ७०-२०० च्या लेन्सला बुरशी धरली, पुण्याला साफ करायला ४५०० गेले, स्टॉकची साडेचार महिन्यांची कमाई एका फटक्यात.

तर टाकणं बंद करू, का अख्खं पोर्ट (पोर्टफोलिओ) डिलीट करू, का तुमच्याकडे काही वेगळं चालतंय? आणि प्लीज 'पॅशन म्हणून कर' असं कोणी लिहू नका. पॅशनने बुरशी जात नाही.

जांभा_चिरा

भावा तू एकटा नाहीस. मी रत्नागिरीतून २००९ पासून टाकतोय, त्याच्याही आधी जुन्या स्टॉक एजन्सीत सरळ निम्मं-निम्मं असायचं, आणि एक फोटो शेकडो डॉलरला जायचा. मग मायक्रोस्टॉक आलं, म्हणजे स्वस्तात घाऊक फोटो विकणाऱ्या साइट. आयस्टॉकफोटो २००० साली कॅनडात सुरू झालं तेव्हा लोक एकमेकांना फोटो फुकट देत होते, २००६ ला गेटी ह्या मोठ्या फोटो एजन्सीने ते ५ कोटी डॉलरला घेतलं. आज तिथे नॉन-एक्सक्लुझिव्ह (म्हणजे दुसरीकडेही फोटो विकणाऱ्या) माणसाला फोटोचे १५ टक्के मिळतात. म्हणजे घसरण काल-परवाची नाही.

तुझं २०१९ नंतरचं गणित बहुतेकांचं तसंच आहे. शटरस्टॉक ह्या स्टॉक साइटचं उदाहरण जगजाहीर आहे म्हणून तेच सांगतो. आधी सबस्क्रिप्शनच्या डाउनलोडला २५ ते ३८ सेंट असा ठरलेला दर होता, तुझी एकूण कमाई वाढली की दर चढायचा आणि चढला की चढला. १ जून २०२० पासून त्यांनी टक्केवारी आणली, १५ पासून ४० टक्क्यांपर्यंत सहा पायऱ्या, कमीत कमी दहा सेंट, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिलीच्या वर्गात. वर्षात १०० डाउनलोड होईपर्यंत १५ टक्के, आणि ४० टक्के हवेत तर पंचवीस हजारांच्या वर पाहिजेत. आपल्यासारखा माणूस वर्षभर मधल्याच पायऱ्यांवर घुटमळतो आणि वर बघेपर्यंत डिसेंबर येतो. तेव्हा जगभरच्या लोकांनी पोर्ट बंद करून निषेध केला होता. आपल्याकडे ३ जूनला निसर्ग वादळ, आम्ही बागेतली पडलेली माडं आणि पोफळी मोजत बसलेलो, लाइट नाही नेटवर्क नाही, निषेध कुठला.

आरडाओरडीने काहीच होत नाही असंही नाही हां. अलामी ह्या दुसऱ्या एजन्सीने २०१८ च्या शेवटी फोटोग्राफरचा वाटा ५० टक्क्यांवरून सगळ्यांना ४० वर आणायचं काढलं, लोक एवढे भडकले की फक्त तिथेच असलेल्या फोटोंना ५० ठेवावे लागले. पुढे तेही नियम बदललेच, ते सोड.

पण सगळे टक्क्यावरून भांडतात आणि खरी मेख दुसरीकडे आहे. ज्या रकमेचा टक्का मिळतो ती रक्कमच आटलीय. गिऱ्हाईक महिन्याचे ठरलेले पैसे भरतं आणि कोटा संपवायचा म्हणून भारंभार उतरवतं, मग एका फोटोच्या वाट्याला किती येणार. तुझा टक्का उद्या दुप्पट केला तरी दहाचे वीस सेंट होतील, कटिंग येईल फार तर.

डिलीट करू नकोस. टाकलेले फोटो तिथे पडून राहिले तर तुझा खर्च शून्य आहे, नवीन टाकणं कमी कर. आणि टॅक्सचा डब्ल्यू-८बेन फॉर्म चालू आहे का बघ. पॅन नंबर घालून भरलेला असेल तर अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर भारताशी असलेल्या करारामुळे १५ टक्केच कापतात, नसेल तर ३०. सही केल्यावर पुढची तीन कॅलेंडर वर्षं संपली की फॉर्म पण संपतो. लोक एकदा भरतात आणि विसरतात.

रापणीचो_वाटो

माका पण तसाच झाला रे बाबा, २४ डॉलरवरून ६ वर. मालवणातून लिहितंय.

एआयचं कोणी काही बोलला नाही म्हणून. आपले फोटो मशीनला शिकवायला वापरले गेलेत. अडोबीने २०२३ ला फायरफ्लाय हे चित्रं बनवणारं एआय काढलं ते स्वतःच्या स्टॉकवरच्या फोटोंवर शिकवून, त्याबद्दल आपल्याला बोनस म्हणून काहीतरी दिलं, पण नको म्हणायची सोय नाही. शटरस्टॉक ओपनएआयला डेटा देतं आणि त्याचे पैसे फंडातून वाटतं, तिथे निदान सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. हा फंड म्हणजे वाटा, बरोबर? आता रापण ओढतात ती तुम्ही बघितली असेल. जाळं किनाऱ्याला लागलं की मासळीचा ढीग सगळ्यांच्या डोळ्यादेखत पडतो आणि मग वाटे होतात, कोणाला कमी कोणाला जास्त, भांडणं पण होतात, पण ढीग केवढा होता ते बारक्या पोरालाही माहीत असतं. इथे ढीग बंद खोलीत आणि आपल्या हातात एक बांगडा.

आणि आता मशीनने केलेले फोटो आपल्याच शेजारी विकायला! परवा सहज मोदक शोधले तर पहिल्या दहात चार एआयचे, त्यातले दोन सरळ सरळ मोमो होते, एकाला वर लाल चटणी पण. आणि 'कोकणातलं घर' म्हणून जे काय येतं त्याला कौलं मंगलोरी पण छप्पर बालीतलं आणि तुळशीवृंदावन पडवीत. हसू येतं, पण मुंबईत बसलेल्या डिझायनरला काय फरक पडतो, त्याला हिरवं आणि लाल दिसलं की झालं.

माझा सगळ्यात जास्त खपलेला फोटो सांगू? किल्ला नाही, तारकर्ली नाही. ओला झालेला जांभ्याचा गडगा, नुसता टेक्स्चर. पावसात छत्री मानेत धरून मोबाइलवर काढलेला.

सासवणे_ते_रेवदंडा

दादा, वाईट वाटून घेऊ नका पण एक कडू विचारते. लिलावातल्या ज्या मावश्यांचे फोटो तुम्ही विकता त्यांना कधी काही दिलंत का? एजन्सी तुम्हाला कितीला गेला ते सांगत नाही, आपण त्यांना गेला हे तरी सांगतो का?

मी पण ह्यातलीच, साधू नाही. अलिबाग साइडला व्हिडिओ करते. सुरुवातीला मॉडेल रिलीजचा, म्हणजे चेहरा जाहिरातीत वापरायला संमतीचा, इंग्लिश फॉर्म घेऊन गेले एका जेटीवर, मावशी म्हणाल्या सही कशाला, बँकेचं कर्ज काढतेस का माझ्या नावावर. काय उत्तर देणार. समजावून सांगायला गेले की तुमचा चेहरा कुठल्याही जाहिरातीत येऊ शकतो, बिस्किटाच्या किंवा विम्याच्या किंवा गुडघेदुखीच्या, तर मलाच ते ऐकायला कसंतरी वाटलं. तेव्हापासून चेहरा दिसत असेल तर एडिटोरियललाच टाकते, म्हणजे बातम्या-लेखांपुरतं, जाहिरातीला नाही. तिथे खप कमी असतो पण झोप लागते.

बाकी जांभा_चिरा म्हणतात ते बरोबर, डिलीट नको. माझं व्हिडिओत अजून थोडं बरं चाललंय, एका क्लिपला दोन-चार डॉलर येतात कधीकधी. पण ड्रोनचं वेड असेल तर आधी परवानगीचं बघा, आमच्याकडे किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी उडवूच देत नाहीत.

हर्णै_लिलाव

ताई, लागलं. पण खरं आहे. मावश्यांचे माझे पण एडिटोरियललाच आहेत, रिलीज नाहीये माझ्याकडे एकाचाही, पण पैसे किंवा प्रिंट कोणाला कधी दिलं नाही. डोक्यातच आलं नाही.

@रापणीचो_वाटो माझा सगळ्यात खपलेला म्हणजे पांढऱ्या कागदावर ठेवलेला अर्धा नारळ. सुवर्णदुर्गावर पहाटे साडेचारला होडी ठरवून काढलेला फोटो आजवर तीनदा गेला, जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं त्या महिन्यातले दोन धरून.

कलमाखाली_खाट

मी देवगडचा, फोटोग्राफर कमी आंबेवाला जास्त. तुमची पट्टी वाचून राहवलं नाही.

माझा एक फोटो स्टॉकवर होता, आमच्याच कलमाचा, देठाला चीक असलेला ताजा उतरवलेला हापूस. दोन वर्षांमागे हायवेवर एका टपरीवर पेटी दिसली, वर मोठ्या अक्षरात देवगड हापूस आणि खाली माझा फोटो. आत बघितलं तर आंबा परराज्यातला, वास नाही साल जाड. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्यात रत्नागिरी सिंधुदुर्ग रायगड ठाणे पालघर एवढेच जिल्हे. म्हणजे त्या पेटीवर अस्सल देवगड काय होतं तर फक्त फोटो, आणि त्याचे मला दहा सेंट मिळाले असतील नाहीतर तेही नाही, गुगलवरून उचलला असेल तर काय कळणार. मी त्या टपरीवाल्याला म्हटलं हा आंबा माझा आहे, तो म्हणाला मग घ्या ना चारशे रुपये डझन.

त्यानंतर मी ओळखीतल्या एका पेटीवाल्याला थेट दिला. साध्या मराठीत एका पानावर लिहून दिलं, हा फोटो, एक सीझन, पेटी आणि लेबल, ३००० रुपये, दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. तीन फेऱ्या मारल्यावर २५०० मिळाले, आणि उरलेल्याबद्दल दोन डझन आंबे देतो म्हणाला. मला! आंबे! पण तुमच्या हिशोबाने बघा, २५०० म्हणजे अडीच महिन्यांचं स्टेटमेंट झालं एका फोटोत. थेट विकणं सोपं आहे असं सांगत नाही, फोन करा, फेऱ्या मारा, उधारी ठेवा, आंब्याला जे करतो तेच. सगळ्यांना जमणार पण नाही. पण होमस्टेवाले तुमच्या ओळखीचे आहेतच ना, त्यांना दरवर्षी नवीन फोटो लागतात, पावसाळ्यातले तर कोणाकडेच नसतात, जून-जुलैला होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा तुम्ही मोकळेच असाल.

जांभा_चिरा

टपरीवाल्याचं ऐकून हसून हसून पोट दुखलं. एक जोडतो, थेट देणार असाल तर तोच फोटो स्टॉकवर चालू ठेवून 'दुसऱ्याला देणार नाही' असं लिहून देऊ नका. स्टॉकवरून आधी ज्यांनी उतरवलाय त्यांचं लायसन तुम्ही फोटो काढून टाकलात तरी राहतं. थेट विकायचे ते मुळात तिथे टाकायचेच नाहीत.

हर्णै_लिलाव

उशिरा लिहितोय, मधे दोन लग्नं होती.

फॉर्म बघितला. २०२१ ला सही केलेला, २०२४ च्या डिसेंबरलाच संपलाय. एवढे दिवस अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के जात होते आणि मी इथे एजन्सीच्या नावाने बोंबलतोय. काल रात्री भरला. गेलेल्या पैशांचं रिटर्नमध्ये काय होतं का ते सीएला विचारलंय, तो म्हणाला रक्कम किती, सांगितल्यावर फोनवर हसला.

पोर्ट ठेवतोय, पण लिलावाचे आणि किल्ल्याचे फोटो आता तिथे टाकणार नाही. नारळ, कोकम, कागदावर ठेवून काढता येईल ते सगळं टाकतो, ते मशीनने हरवेपर्यंत. दोन होमस्टेवाल्यांशी पावसाळ्यातल्या फोटोंचं बोललोय, एक हो म्हणाला, एक म्हणाला पुतण्याकडे आयफोन आहे.

आणि ताई, लिलावातल्या त्या निळ्या लुगड्यातल्या मावशींना आठ बाय बाराची प्रिंट नेऊन दिली. बराच वेळ बघितली, मग म्हणाल्या पापलेटाची टोपली मागे ठेवायला सांगायची होतीस, पुढे हा ढोमा कशाला काढलास.

सासवणे_ते_रेवदंडा

😂 बरोबर आहे त्यांचं. पुढच्या वेळी कॅप्शन त्यांनाच विचारा.